खाऱ्या टाकीत कोणाला आणावे?

माझ्या पहिल्या खाऱ्या टाकीत आणलेला चौथा मासा मँडरिन होता. निळ्या अंगावर नारिंगी वळणे, मधूनच हिरवी कड. पैठणीचा पदर पाण्यात सोडावा तसा तो दिसे. 'गरीब मासा आहे, कुणाच्या वाटेला जात नाही,' असे दुकानदाराने सांगितले होते आणि ते अगदी खरे निघाले. तो कुणाच्याही वाटेला गेला नाही. दिवसभर दगडावर काहीतरी टिपत फिरायचा, त्यामुळे त्याचे पोट भरते आहे असे मला वाटे. पाचव्या आठवड्यात टाकीचे झाकण उघडून वरून पाहिले, तर पाठीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले. सातव्या आठवड्यात तो गेला. टाकीत दिवसातून दोनदा खाणे पडत होते. त्याचे खाणे मात्र त्यात नव्हते. मँडरिन जगतो तो कोपेपॉड नावाच्या, टाचणीच्या टोकाएवढ्या कवचधारी जिवांवर. ते त्याला दिवसभर, एकामागून एक, जिवंत हवे असतात. माझ्या चार महिन्यांच्या टाकीत जे काही थोडे होते ते त्याने पहिल्या पंधरवड्यातच संपवले असणार. पुढचा महिना तो रिकाम्या दगडावर चोच मारत होता आणि मी कौतुकाने पाहत होतो.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या दहावीच्या एका मुलीने विचारले, "काका, मला निमोची टाकी करायचीय. त्यात अजून काय काय आणू?" या प्रश्नाचे उत्तर माशांच्या यादीने देता येते आणि बहुतेक जण तसेच देतात. मला ते जमले नाही. ज्या वाटेने मी त्या यादीपाशी पोचलो, ती वाटच तिला सांगावी लागली. तीच येथे मांडतो.

आधी टाकी किती मोठी ते पाहू. ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. हिशेबाने ९६ लिटर; पण काठापासून सोडलेली जागा, वाळू आणि दगड वजा केले तर पाणी उरते सुमारे ७५ लिटर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टाकी भरायला अडीच किलोहून थोडे जास्त मीठ लागते. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळे असलेले सागरी मीठ. पाणी रोज उडते, मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्याची भर गोड्या पाण्याने, तेही गाळलेल्या शुद्ध पाण्याने घालायची. हा साधा नियम चुकवून टाकीचा मृत समुद्र केलेले लोक मला माहीत आहेत. आमच्याकडे ठाण्याला मे महिन्यात खोलीतले पाणी ३१-३२ अंशांवर जाते आणि हव्या असलेल्या २५-२६ अंशांवर ते आणायला पंखा पुरत नाही. चिलर घ्यावा लागतो. तो टाकीहून महाग पडतो, हे आधीच सांगितलेले बरे.

आता प्रवाळ. रीफ टाकी म्हणजे खरे तर प्रवाळाची टाकी. परदेशातल्या टाक्यांची चित्रे पाहूनच आपल्याला तिचे वेड लागते. न्यू जर्सीतल्या माझ्या एका मित्राच्या दिवाणखान्यात प्रवाळाची बाग आहे. गुलाबाचे कलम करावे तसे प्रवाळाचे तुकडे तोडून, चिकटवून, वाढवून तिकडची शौकीन मंडळी एकमेकांना देतात. भारतात हा मार्ग नवशिक्याने धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. त्याच वेळी समुद्रघोड्यांचे सगळे कूळ, सगळ्या समुद्रकाकड्या आणि काही महाकाय शिंपलेही त्या परिशिष्टात आले. वाघ ज्या परिशिष्टात आहे तेच हे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती ओहोटीला उघडा पडणारा खडबडीत तुकडा 'काय होते एकाने' म्हणून पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे, आणि दुकानात 'शोभेचा' म्हणून मिळणारा तुकडा कुठून आला हे कोणी सांगत नाही.

प्रवाळाशिवाय रीफ कसला, असे पहिली दोन वर्षे मलाही वाटत होते. आता वाटत नाही. मातीचे भाजलेले किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड आठ-दहा महिन्यांत जांभळट-गुलाबी चुनखडी शेवाळाने मढतात. त्यांच्या भोकांतून बारीक किडे, स्पंज आणि नळीतले पिसारे डोकावू लागतात. रीफ म्हणजे भोकांचे गाव. माशाला प्रवाळापेक्षा भोक महत्त्वाचे. कायद्याने एक मोठी हाव आधीच काढून घेतली म्हणून मी माशांकडे नीट पाहायला शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

टाकी भरल्याबरोबर मासे आणता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. पहिली दोन विषे, तिसरे बरेच सौम्य. हे जिवाणू दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी या काळात स्वस्तातले, चिवट डॅमसेल मासे टाकीत सोडून टाकी 'पिकवत'. मीही तीन निळे डॅमसेल सोडले होते. तिघेही विषातून तगले. मग त्यांतल्या एकाने महिन्याभरात उरलेल्या दोघांना मारले आणि तो टाकीचा मालक झाला. त्याला काढायला सगळा दगड उपसावा लागला. आता मी बाटलीतला अमोनिया मोजून घालतो आणि रिकाम्या टाकीकडे सहा आठवडे बघत बसतो.

सहा आठवड्यांनंतर खरा प्रश्न येतो. दुकानात आपण विचारतो, हा इतरांशी पटवून घेतो का? हल्ली मी त्याआधी मनात दुसरे विचारतो: याची अंडी कुठे पडली?

रीफवरचे बहुतेक मासे संध्याकाळी वर उसळतात आणि अंडी उघड्या पाण्यात सोडून देतात. ती प्रवाहाबरोबर दूर जातात. त्यांतून निघालेली पिले इतकी बारीक असतात की त्यांच्या तोंडात मावेल असे खाणे माणसाला सहज तयार करता येत नाही. म्हणून हे मासे घरात किंवा तलावात वाढवणे फार अवघड. पिवळा टँग हा जगभरच्या टाक्यांतला लाडका मासा. त्याची पिले हवाई बेटांवरच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवता आली ती २०१५ साली, आणि चित्रपटातल्या 'डोरी'च्या जातीची फ्लोरिडात २०१६ साली. तोपर्यंत विकला गेलेला एकूण एक मासा समुद्रातून धरलेला होता. दुसऱ्या प्रकारचे मासे थोडे आहेत: जे दगडाला अंडी चिकटवतात, बिळात घालतात किंवा तोंडात धरून उबवतात. त्यांची अंडी मोठी, पिले धडधाकट. हे मासे माणसाच्या हातून वाढतात. मँडरिन पहिल्या प्रकारातला; मला दुकानात हे ठाऊक असते तर त्या एका माहितीवर मी हात मागे घेतला असता.

धरून आणण्याची गोष्ट जुनी आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ साली 'द अक्वेरियम' हे पुस्तक लिहिले आणि इंग्लंडभर काचेच्या पेट्यांचे वेड पसरले. पुढे त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ च्या आत्मचरित्रात त्या वेडाची दुसरी बाजू नोंदली: वडिलांच्या पुस्तकांमागून आलेल्या हौशी लोकांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली तळी ओरबाडून रिकामी केली. त्याच काळातली एक उलट गोष्टही आहे. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली एक समुद्रफूल किनाऱ्यावरून आणून काचेच्या भांड्यात ठेवले. ते डॅलिएल यांच्यानंतरही जगले, हातोहात पुढे गेले, त्याला लोक 'आजी' म्हणू लागले, आणि १८८७ साली ते मेले. एका भांड्यात ५९ वर्षे. म्हणून नवशिक्याने समुद्रफूल आणू नये असे मी सांगतो तेव्हा ते नाजूक आहे एवढेच कारण नसते. नव्या टाकीत ते जागा शोधत भटकते, पंपात अडकते, कुजते आणि सगळ्या पाण्याला विष करते, हे खरेच. पण इतका आयुष्यवान जीव दोन महिन्यांत संपवायचा, हे मला जास्त बोचते.

गॉसच्या काळात किनारे ओरबाडले गेले. आज दूरचे समुद्र. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या केंद्राने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सागरी शोभिवंत माशांच्या १,४७१ जातींचा व्यापार नोंदला होता. मासे वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख. त्यांतले बहुसंख्य समुद्रातून धरलेले. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियात सायनाइडचे पाणी भोकांत फवारून मासे गुंगवून धरण्याची पद्धत पसरली. त्याने भोवतालचे प्रवाळ मरते, आणि मासा दुकानात ठणठणीत दिसून काही आठवड्यांनी घरी मरतो. धनी स्वतःला दोष देतो, मग दुसरा मासा आणतो.

माझी कसोटी लावली की पहिले नाव येते ते निमोचे, म्हणजे क्लाऊनफिशचे. मुलीची निवड मुळात चांगलीच होती. हा मासा दगडावर अंडी चिकटवतो, नर आठवडाभर त्यांना पंखांनी वारा घालतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या आणि काही डॅमसेलच्या प्रजननाचे तंत्र बसवले आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची उबवणी आहे. त्यामुळे 'टाकीत जन्मलेला द्या' असे दुकानात ठणकावून मागता येते. असा मासा टाकीतलेच खाणे ओळखतो आणि काचेला घाबरत नाही. समुद्रफुलाची त्याला गरज पडत नाही; माझी जोडी मातीच्या पणतीएवढ्या भांड्यात झोपते.

जोडी कशी घ्यावी हे मात्र समजून घ्यायला हवे. क्लाऊनफिश सगळे नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्याखालचा तिचा नर, बाकीचे वाट पाहणारे. मादी मेली की नर मादी होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी हे १९७७ साली दाखवले. (त्या चित्रपटात निमोच्या आईमागे बाबांचे काय व्हायला हवे होते, हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती.) पीटर बस्टन यांनी २००३ साली दाखवले की खालचा मासा आपली वाढही आवरून धरतो, म्हणजे वरच्याला त्याची भीती वाटत नाही. घरात याचा अर्थ असा: दोन लहान पिले घ्यावीत, एक जरा मोठे, एक जरा छोटे. एकसारख्या आकाराचे दोन मोठे मासे घेतले तर भांडण. तीन घेतले तर तिसऱ्याला पळायला ७५ लिटरांत जागा नाही.

आणि आयुष्य. क्लाऊनफिशची एक जात समुद्रात ३० वर्षांपर्यंत जगत असावी असा बस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याचा २००७ सालचा अंदाज आहे. मी मुलीला हिशेब करून दाखवला: आज आणलेला मासा ती पंचेचाळिशीची होईपर्यंत असू शकतो. शिकायला ती पुण्याला किंवा बाहेरगावी जाईल तेव्हा टाकी कोण बघणार? आईला विचारून ये, म्हटले. आई दोन दिवसांनी स्वतः येऊन बसल्या आणि टाकीची सगळी माहिती त्यांनीच विचारली.

दुसरा मासा मी सुचवतो तो गोबी, आपल्या चिखलातल्या निवट्यांच्या गोतावळ्यातला. पिवळा पहारेकरी गोबी बिळात अंडी घालतो आणि त्याची पैदासही होते. त्याचे खरे वेड लागते ते त्याच्या भागीदारामुळे. चापवाली कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती दिवसभर वाळू उपसून बीळ राखते आणि एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दारात बसून पाहतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो, दोघेही आत. कोळंबीचा चाप इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. रात्री त्याचा टक् असा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. हे दोघे आणायचे असतील तर दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवावा आणि वाळू नंतर ओतावी. नाहीतर कोळंबी पाया उकरते आणि दगड कोसळतो.

इथे माझी कसोटी अडते. मासा पैदाशीचा मिळाला तरी कोळंबी बहुधा समुद्रातलीच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सफाई कोळंबी तर टाकीतही अंडी घालते, पण तिची पिले काही महिने पाण्यात तरंगत अवस्था बदलत राहतात आणि क्वचितच तगतात. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथल्या स्त्रियांना बरोबर घेऊन शोभिवंत कोळंबी वाढवण्याचे काम सुरू केले आहे. ते वाढले तर माझा पेच थोडा सुटेल. तोपर्यंत मी एकच चापवाली कोळंबी ठेवली आहे. ती ठेवावी की नाही याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

कसोटी आणखी एका ठिकाणी अपुरी पडते. डॅमसेलही दगडाला अंडी चिकटवतो आणि पैदाशीचा मिळतो. जन्म कुठे झाला ते अंड्यावरून कळते, स्वभाव कळत नाही. लहान टाकीत डॅमसेल नकोच.

बांगाई कार्डिनल या माशाविषयी मला विशेष ममत्व आहे. चंदेरी अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच तो मुळात राहतो. १९३३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि मग साठ वर्षे त्याची कोणाला आठवण नव्हती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर जेराल्ड अ‍ॅलन यांच्यामुळे तो पुन्हा उजेडात आला आणि लगेच जगभरच्या टाक्यांत गेला. २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त ठरला. गंमत अशी की याच्याइतका पैदाशीला सोपा सागरी मासा दुसरा क्वचितच असेल. नर तीनेक आठवडे अंडी तोंडात धरतो, उपाशी राहतो; पिले फुटल्यावरही काही दिवस तोंडातच ठेवतो, आणि बाहेर पडलेले पिलू छोटेसे पण पूर्ण कार्डिनल असते. त्याच्या पिलांना प्रवाह दूर नेत नाही, म्हणून तो त्या बेटांपुरताच उरला आणि झटकन संपू लागला. पण त्याच कारणाने तो टाकीत सहज वाढतो. पैदाशीचा खात्रीने मिळाला तर एक आणावा. 'इंपोर्टेड आहे' एवढेच उत्तर मिळाले तर परत यावे.

चार मासे झाले: क्लाऊनची जोडी, गोबी, कार्डिनल. ७५ लिटरांना तेवढे पुरे. शेवाळ खायला सहा-आठ छोट्या गोगलगायी. शंखातले खेकडे आणले तर त्यांच्यासाठी रिकामे शंख टाकावेत, नाहीतर ते गोगलगायीला मारून तिचे घर घेतात. टँग एका वीत लांबीच्या टाकीत ठेवू नये, कितीही छोटा दिसला तरी. निळा टँग एका फुटापर्यंत वाढतो.

क्रमही ठरलेला असावा. आधी गोगलगायी, मग गोबी-कोळंबी, मग कार्डिनल, सर्वांत शेवटी क्लाऊन, कारण ते जागा आपली मानू लागले की नवख्याला टोचतात. दोघांमध्ये एक महिना. आणि प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत, ज्यात प्लंबरच्या पाइपाचे दोन तुकडे आणि स्पंज गाळणी याखेरीज काही नसावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसला तर औषध तिथेच द्यायचे. त्याच्या औषधातले तांबे मोठ्या टाकीत गेले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. दुकानात मासा ठरवला की मी दुकानदाराला त्याला समोर खायला घालायला सांगतो. खात नसेल तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. दुकानदार वैतागतात. बाजारातली ताजी कोळंबी धुऊन, बारीक चिरून, गोठवून ठेवलेली असते. घरी तेच खाणे.

मुलीची टाकी आता अकरा महिन्यांची आहे. तिच्याकडे अजून कार्डिनल नाही, खात्रीचा मिळाला नाही म्हणून. माझ्या क्लाऊन मादीने मात्र या पावसाळ्यात पणतीशेजारच्या दगडावर नारिंगी अंडी घातली. दिवसागणिक ती करडी झाली, मग आत चंदेरी डोळे दिसू लागले. आठव्या रात्री दिवा मालवल्यावर पिले फुटली, बॅटरीच्या उजेडात धुळीसारखी चमकली, आणि सकाळपर्यंत गाळणीत गेली. पिलांना पहिले आठ-दहा दिवस रोटिफर लागतात, आणि रोटिफरना हिरवे सूक्ष्म शैवाल. मुलीने तिच्या गच्चीच्या कठड्यावर मिनरल वॉटरच्या सहा बाटल्यांत ते वाढवायला घेतले आहे. दोन बाटल्या पांढऱ्या पडल्या, चार हिरव्या आहेत. मादीचे पोट पुन्हा फुगलेले दिसते.